पानिपतच्या मोहित्यांची गिटार

दिल्लीत मराठी बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसायला एक वाक्य पुरतं. माणूस गोड बोलणारा असेल तर अर्धंसुद्धा चालतं.

आमची रेवा तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिथल्या संगीत मंडळात शिरायचं तिनं मनावर घेतलं होतं. पहिल्या वर्षी तिला घेतलं नव्हतं. यंदाची निवड पुढच्या शनिवारी होती, आणि ज्या मैत्रिणीची गिटार ती मागून वाजवायची ती मैत्रीण ऐन वेळी गिटारीसकट बंगलोरला निघून गेली. पोरगी दोन दिवस जेवली नाही. (म्हणजे घरी जेवली नाही. कोपऱ्यावरच्या मोमोवाल्याकडे येणं-जाणं चालू होतं.)

मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा, ऑफिसात फायली पुढं सरकवणारा माणूस. आमच्या घरात खरेदीचं खातं बायकोकडे, म्हणजे माधवीकडे. मी एकदा कूलर आणला, तो गरम हवा फेकायचा. एकदा हापूस आणला, त्याचं लोणचं घालावं लागलं. तेव्हापासून मला फक्त दूध आणायला पाठवतात, तेही पिशवीचं. म्हटलं, या खेपेला लेकीसाठी अशी वस्तू आणायची की घरात आपलं नाव निघालं पाहिजे!

इंटरनेटवर जाहिरात सापडली. 'जुनी परदेशी गिटार, साठ वर्षांची, एकाच घरात वाजलेली.' लगेच फोन लावला.

"हाँ जी, बोलिए."

"जी, मैं जोगळेकर बोल रहा हूँ, आर. के. पुरम से."

पलीकडून आवाज आला, "जोगळेकर? अहो, मग हिंदीत काय बोलताय!"

आता हे नीट समजून घ्या. दिल्लीत मी इतकी वर्षं जोगलेकर आहे, जोगेलकर आहे, एका बिलावर तर जोगिंदर कर आहे. आणि या माणसानं पहिल्याच फटक्यात अख्खा 'ळ' काढून दाखवला! गिटार मी तिथंच विकत घेतली. फक्त बघायला जायचं बाकी होतं.

रविवारी गाझियाबादला त्याच्या फ्लॅटवर गेलो. तिशीतला, हसतमुख मुलगा. "या काका. मी मोहिते. आम्ही पानिपतचे."

"पानिपतचे म्हणजे? तिथं चादरींचा धंदा आहे का?"

"नाही हो. लढाईचे." त्यानं मान खाली घातली. "सगळे परत गेले, काका. आमचे राहिले."

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. अडीचशे वर्षं ज्यांनी परमुलखात मराठी टिकवली त्यांना काय आपण गिटारीची पावती मागायची? तो सांगत होता आणि मी मान डोलवत होतो. आजोबा एका वकिलातीत नोकरीला होते. साहेब मायदेशी जाताना गिटार त्यांना देऊन गेला. हा काळा चटका साहेबाच्या चिरुटाचा. हा लांब ओरखडा मडमेच्या अंगठीचा. लाकूड कसं, मुरून तपकिरी झालेलं.

"किंमत काही कमी-जास्त?" मी आपलं रीत म्हणून विचारलं.

"काका, परक्याला मी जास्तच सांगितली असती."

यापुढं घासाघीस करणं म्हणजे पानिपतावर पुन्हा एकदा पाठ फिरवणं! मी सगळे पैसे दिले. वर तो म्हणाला, "पोहे खाऊन जा." मी खाल्ले. पोहे उत्तम होते, हे आजही कबूल करतो.

घरी रेवानं गिटार मांडीवर घेतली. तारांवरून बोटं फिरवली, मधल्या भोकात डोकावली, पुन्हा बोटं फिरवली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा... अच्छी है. बिल्कुल अच्छी है."

माधवीनं मात्र नाक पुढं केलं. "अहो, हिला चहाचा वास येतोय."

"साठ वर्षांचा वास आहे तो!"

"साठ वर्षांत वेलची उडत नाही वाटतं?"

मी दुर्लक्ष केलं. खानदानी वस्तूची पारख सगळ्यांना नसते.

सोमवारी सकाळी गिटारीला मुंग्या लागल्या. एक-दोन नव्हे, खिडकीच्या फटीतून निघून, भिंत उतरून, सोफा ओलांडून शिस्तीत रांग चालली होती. माधवीनं गिटारीभोवती हळदीचं रिंगण घातलं. मुंग्यांनी वळसा घेतला. शेवटी तिनं ओलं फडकं आणून दोन हात मारले आणि साठ वर्षं फडक्यावर आली! खाली लाकूड पिवळंधमक, कालच सुताराकडून आल्यासारखं. भल्या माणसानं चहाच्या पाण्याचे हात देऊन रंग आणला होता, आणि घरचं पातेलंच वापरलं असणार, कारण साखर भरपूर होती.

"पानिपतवाल्याकडून घेतलंत ना?" माधवी फडकं पिळत म्हणाली. "मग झालंच."

रंगाचं सोडा, सूरही टिकेना. रेवा तारा जुळवायची, चार ओळी वाजवायची, की तारा उतरलेल्या. पुन्हा जुळवायची. तक्रार एका शब्दानं नाही. ती तक्रार करत नव्हती याचंच मला जास्त लागत होतं. शनिवार चार दिवसांवर आला होता.

मंगळवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे सुब्रमण्यम वर आले. आवाजाचा त्रास होतोय म्हणून आले असतील, असं समजून मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते गिटारीकडे टक लावून उभे.

"जोगलेकर जी, ये गिटार किधर से लिया?"

"अपने एक मराठी भाई से."

"गाज़ियाबाद?"

"हाँ... आपको कैसे मालूम?"

ते तडक खाली गेले आणि स्वतःची गिटार घेऊन आले. त्यांनी ती मुलासाठी घेतली होती. तोच चटका, तोच ओरखडा! फक्त त्यांच्या गिटारीचा रंग अजून उतरला नव्हता.

"लेकिन मेरा वाला तो तमिळ आदमी है," सुब्रमण्यम कासावीस होऊन म्हणाले. "मणि नाम है. शुद्ध तमिळ! बोलता था, चोल राजा की सेना के साथ उसका पूर्वज लोग इधर आया, फिर इधर ही रह गया."

मला हसू आलं. चोल राजाच्या सैन्यातून मागं राहिला म्हणे! लोक कशावरही विश्वास ठेवतात.

आमचा आवाज ऐकून समोरचे बॅनर्जी दार उघडून आले. त्यांनी दोन्ही गिटारी पाहिल्या आणि घरातून आपली तिसरी आणून शेजारी ठेवली. त्यांना गिटार विकणारा गृहस्थ घोष होता. राजधानी कलकत्त्याहून हलली तेव्हा त्याचे पणजोबा फायलींबरोबर दिल्लीला आले होते. तिघांचे पूर्वज वेगवेगळे, पण साहेब एकच, चिरूट एकच, आणि मडमेची अंगठीही एकच.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही तिघं आपापल्या गिटारी खांद्याला लावून मेट्रोनं निघालो. (डब्यातल्या एका मुलीनं विचारलं, "अंकल, आप लोगों का बैंड है?") ठरलं असं की मी बोलायचं, कारण माझा आवाज मोठा. वाटेत मी भाषणही तयार केलं. 'मोहिते, तुम्ही मराठी माणसाच्या काळजाशी खेळलात' अशी सुरुवात होती.

दार उघडंच होतं. आत तो एका सरदारजींना अस्सल पंजाबीत लाहोरच्या आजोबांची गोष्ट सांगत होता. सरदारजींचे डोळे भरून आले होते, मांडीवर चौथी गिटार होती. आम्हाला तिघांना एकत्र बघून हा आता पांढरा पडणार, असं मला वाटलं. छे! तो उठला, सुब्रमण्यमना तमिळमध्ये काहीतरी म्हणाला, बॅनर्जींना वाकून बंगालीत काहीतरी म्हणाला आणि माझा हात धरून म्हणाला, "काका, किती दमलात! आधी बसा बघू. घरात सगळी बरी आहेत ना?"

आणि खरं सांगतो, माझं भाषण तिथंच विरघळलं. आईबाबा गेल्यापासून मी दमलोय की नाही हे मला मराठीत कुणी विचारलं नव्हतं. माधवी विचारते, पण तिच्या विचारण्यात 'मग भाजी आणायची राहिली वाटतं' हे असतं.

त्यानं डबा उघडून माझ्या हातावर घरची चकली ठेवली. त्याच डब्यातून सुब्रमण्यमना मुरुक्कू दिला. बॅनर्जींसाठी फ्रिजमधून बंगाली मिठाई काढली, संदेश. "पैसे उद्या घरपोच आणून देतो, काका. गिटारी ठेवून जा. आपल्या माणसाला मी फसवेन का?" मी भाषांतर करून दोघांना सांगायला वळलो, तर त्यांनाही आपापल्या भाषेत तेच सांगून झालं होतं. दोघं तोंडातला घास चावत मान हलवत होते.

परतीच्या मेट्रोत बॅनर्जी खिडकीकडे बघत म्हणाले, "लेकिन बांग्ला बहुत मीठा बोलता है."

"तमिळ भी," सुब्रमण्यम म्हणाले.

गुरुवारी कुणी आलं नाही. फोन बंद. शुक्रवारी सकाळी बॅनर्जी जाऊन आले, फ्लॅटला कुलूप. म्हणजे आता पैसे नाहीत, खोटी का होईना, ती गिटारही नाही, आणि दुसऱ्या दिवशी शनिवार.

संध्याकाळी मी रेवाच्या खोलीत गेलो. "रेवा, तुला कधी कळलं होतं गं?"

"पहिल्याच दिवशी, बाबा. साठ वर्षांची गिटार, आणि भोकातून आत पाहिलं तर ताजा भुसा!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होतास ना, यार. मला बोलवेना."

तिची यंदाचीही निवड माझ्यापायी हुकली असती, आणि ती माझं मन सांभाळत बसली होती! मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती उठली. कपाटातून आपल्या ट्यूशनच्या कमाईचं पाकीट काढलं आणि म्हणाली, "चल, दुकान बंद होईल. आपण नवीन घेऊ. साधी."

"मी कशाला? आईला घेऊन जा."

"नाही. तूच पाहिजेस."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी चांगला शर्ट घातला. दुकानात भिंतीवर एका ओळीत गिटारी टांगलेल्या. पहिल्या गिटारीवरून मी हात फिरवला आणि म्हटलं, "वा! काय वस्तू आहे!"

"भैया," रेवा दुकानदाराला शांतपणे म्हणाली, "ये वाली हटा दीजिए."

मी दुसरीपुढं गेलो. हिचा आवाज तर फारच गोड होता. तीही हटली. अर्ध्या भिंतीपर्यंत असंच चाललं. शेवटी कोपऱ्यातली एक फिकट, मुकाट गिटार बघून मी म्हणालो, "ही मात्र अगदीच टाकाऊ दिसते." रेवानं ती लगेच बांधायला सांगितली.

शनिवारी त्याच गिटारीवर तिची निवड झाली. माधवीनं सगळ्या क्वार्टरांत पेढे वाटले. सुब्रमण्यम दुसऱ्या दिवशी वर आले, मुलासाठी गिटार घ्यायची होती. "जोगलेकर जी, आप भी चलिए ना दुकान," ते आदबीनं म्हणाले. "रेवा बेटी बोली, आपके बिना सही चीज़ नहीं मिलती."