आतून केलेला गिलावा

२०२२ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नाही, पण बहात्तरच्या दुष्काळात बायकोला घेऊन मुंबईला आलो तेव्हा एकविसावं चालू होतं, असं आई सांगायची. त्यावर धरा. शाळा दुसरीपर्यंत. पुढं सगळं आयुष्य गवंडीकाम. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याला आमची बैठी चाळ, आणि मागच्या दाराशी एक जुना शिरीष. त्याच्या बुंध्याला शिडीच्या उंचीवर एक ढोली आहे.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी मागून किंचाळल्यासारखा लांबट आवाज यायला लागला. मी म्हणालो, घार आहे.

बायको भांडी घासत होती. म्हणाली, "घार न्हाई ती. घार वरून वरडती. ही फांदीवर बसून वरडतीया."

"दमली असेल."

"तुमच्यावानी?"

मग ते पाखरू दिसलं. घारीएवढं लांब, पण अंगानं सडपातळ, रंगानं राखी, आपल्या सिमेंटसारखं. डोळ्यावर पांढरी भुवई. शेपूट लांब, टोकाला पांढरी. उडायचं तेही वेगळं. चार वेळा पंख मारायचं आणि मग हात सोडून दिल्यासारखं तरंगत खाली यायचं, परत पंख मारायचं. आणि चोच, काय सांगू, कोयत्यासारखी मोठी, वाकडी, वर शिंगाचा कोंब. एवढी चोच वागवून हे उडतं कसं, हेच मला कळेना. तरी मी बायकोला म्हणालो, घारीतलीच जात आहे. बोललेला शब्द मी सहसा मागे घेत नाही.

दोन-तीन दिवस पाहिलं तर ते सारखं ढोलीशी यायचं. खोडाला बिलगायचं आणि चोचीतलं उंबर खोडात सारायचं. सून दवाखान्यात आयाचं काम करते. ती म्हणाली, "मामा, हा झाडाला भरवतोय का?"

नीट पाहिलं. ढोलीचं तोंड कुणीतरी लिंपून टाकलेलं होतं. मधे बोटभर फट. त्या फटीतून आतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं, उंबर घेतलं आणि गेलं.

माझं डोकं फिरलं. साप शिरतो म्हणून कुणीतरी भोक बुजवलं, आत बघितलंही नाही, आणि बिचारी मादी आत चिणली गेली. नर बाहेरून जगवतोय. गवंडीकामात बेपर्वा माणसं मी फार पाहिलीत.

"उद्या फोडतो," मी म्हणालो.

सून म्हणाली, "मामा, थांबा ना. मी फोटो काढलाय, शोधते, कोण आहे ते तरी कळू दे."

"आत जीव अडकलाय आणि तू फोटो शोध."

बायको म्हणाली, "ज्याचं नाव ठाऊक न्हाई, त्याचं घर फोडू नगा."

मी ऐकलं नाही. सकाळी शेजारच्या रंगाऱ्याची शिडी लावली, छिन्नी-हातोडा घेऊन चढलो. सून खाली शिडी धरून, दुसऱ्या हातात मोबाईल. नर समोरच्या फांदीवर बसून असा ओरडत होता की कान फाटावेत. मी त्याला म्हणालो, थांब बाबा, तुझंच काम करतोय.

एक घाव घातला. नारळाच्या करवंटीएवढा ढेपसा खाली पडला. मी हात मागे घेतला, आता ती बाहेर येईल म्हणून.

ती आली नाही. भोकाशी फक्त चोच आली. चोचीवर काळपट ओला लगदा होता. तो तिनं तुटलेल्या काठावर ठेवला, आणि चोच आडवी करून, चपट्या बाजूनं, थापायला लागली. टप टप टप. थापीनं गिलावा दाबतात तसा. दाबायची, जरा थांबायची, दुसरा लगदा आणायची. काठ आधी धरायची, मधला भाग नंतर. माझ्या उस्तादानं मला तसंच शिकवलं होतं, तेही चार शिव्या देऊन. हिला कुणी शिकवलं?

तेव्हा मी काठाकडं नीट बघितलं. सगळं काम आतून केलेलं होतं. बाहेरून थापीचा एक फटकारा नव्हता. हे मला खालूनच दिसायला हवं होतं.

हातोडा मी कमरेला खोचला.

खालून सून म्हणाली, "मामा, सापडलं. धनेश आहे, राखी धनेश. मादी अंडी घालायला स्वतःला आत कोंडून घेते. पंखांची पिसं झडून जातात तिची. उडताच येत नाही. पिल्लं मोठी झाली की स्वतः फोडून निघते."

म्हणजे मी तिला ओढून काढलं असतं तर ती दगडासारखी खाली आली असती.

उतरलो. शिडी उचलून लांब नेऊन ठेवली. चहा देताना बायको म्हणाली, "घार बाळंत झाली का?"

पण नर निघून गेला होता. दुपार झाली, ऊन उतरलं, त्याचा पत्ता नाही. मी दाराच्या आतून, अंधारात बसून बघत राहिलो. आत ती उपाशी, आणि उपाशी ठेवणारा मी. दिवसभर मला घास गेला नाही. शेवटी दिवे लागायच्या जरा आधी डोंगराकडून ते खालीवर उडणं ओळखीचं दिसलं. आला. खोडाला बिलगला. गळ्यातून एक उंबर चोचीत आणलं, फटीत दिलं. मग दुसरं. मग आणखी. दुकानासारखा साठा होता गळ्यात. आतून चोच येत होती, घेत होती. बायको माझ्या मागे उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत मी मागची लाल माती चाळली, खडे काढले, पाणी घालून चांगली मळली आणि तिचा ओला गोळा मागच्या कुंपणाच्या भिंतीवर, नराच्या नजरेस पडेल असा ठेवला. जन्मभर गवंडी म्हणून मिरवलो, त्या सकाळी गवंड्याला माल कालवून देणाऱ्या बिगाऱ्याचं काम केलं. मग हात न धुताच घरात आलो आणि दार हळूच लावून घेतलं.