शेंदराखालचा घोडेस्वार

आधी दगडाला राम राम घालायचा आनि मग मानसाकडं बघायचं, असा इसम सगळ्या कोल्हापुरात एकच हुता, आनि तोच नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. लगीन ठरतंवेळी ही गोष्ट मला कुनी सांगितली न्हाय. आता माझी गोष्ट तरी त्यांस्नी कुटं कुनी सांगितली हुती? मी शाळा बाहेरनंच बघितलेली, तालमीत नुसतं दूध पिऊन फुगलेला, आनि मैदानात उतरलो की सलामी व्हायच्या आत उताना पडून आभाळ बघनारा पैलवान. मामा म्हनायचे, "जावाईबापू, तुमी पडता ते चांगलंच हाय. मातीशी वळख र्‍हाती." हे ते मनापास्नं म्हनायचे, तेच जास्त लागायचं.

मामा संस्थानच्या मोजनी खात्यात साखळी वढत डोंगर हिंडलेले. संस्थान विलीन झालं, नोकरी सरली, पर पाय काय थांबंनात. धोतर, पायात करकरनार्‍या चपला, खांद्याला झोळी आनि डोक्यावर एका इंग्रज सायबानं मायदेशी जाताना दिलेली मोठी टोपी. चंदगडाकडच्या डोंगराचं त्यांस्नी याडच. तवा चंदगड बेळगाव जिल्ह्यात हुतं, त्यामुळं आमच्या घरात "मामा परमुलखात गेल्यात" असंच म्हनायचे. तिकडं पाऊस असा की छत्री माझ्या डोक्यावर आनि मी छत्रीखाली वाहून चाललेला. घरी जेवायला बसले तरी मामा डोंगरातच. भाताचा गड करायचे, आमटीचा खंदक, लिंबाची फोड म्हंजे दरवाजा, आनि पापड पडला तर तटाला खिंडार. एकदा मी भुकेल्या पोटी तो गड मधनंच उचलून खाल्ला. मामा म्हनले, "फंदफितुरी घरातनंच हुती." सासरची सगळी त्यांस्नी दगडमामा म्हनायची. मी त्यांचा लाडका, कारन वझं उचलायला माझ्यासारखं दुसरं जनावर घरात न्हवतं.

एकदा माझ्यासंगट यस्टीतनं चंदगडाकडं जाताना मामा उठून वरडायला लागले, "मास्तर, थांबवा, तटबंदी गेली." कंडक्टर म्हनला, "पावणं, तटबंदी कुटं जातीया? ती हाय तितंच हाय. जायचं तर तुमीच जावा." आनि दोघांस्नी उतरवून गाडी गेली बी. तटबंदी म्हंजे कुना शेतकर्‍याचा गुरांचा गोठा निघाला. मामा म्हनले, "पर दगूड जुना हाय." पुढचं गाव येस्तवर मी चालत हुतो आनि माझं पोट माझ्याम्होरं चालत हुतं.

त्याच वाटंवर एका भाताच्या खाचराकडंला मामा एकदम खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली. बघतोय तर गवतात एक उभा दगूड. मामांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. घोड्यावर बसलेला गडी, आनि घोडा फुडं पळतोय तर गडी मागं वळून तलवार चालवतोय. मामा म्हनले, "वीरगळ हाय. लढाईत पडलेल्या गड्यासाठी गावानं उभा केलेला दगूड. असले लई बघितले, पर मागं वळून लढनारा ह्यो पयलाच." कॉलेजातल्या इतिहासाच्या सायबांच्या दारात मामा कैक वर्सं जात हुते. सायबांनी हे बघून छापलं तर दगडमामाला कुनी हसनार न्हवतं. पर खाचराचा मालक शेजारीच बांध घालत हुता, आनि त्याचा डोळा ह्याच दगडावर. मामांनी इनवलं, तर म्हनला, "पावणं, तुमचा मेलेला गडी माझं पानी आडवल की."

मामा झोळी घेऊन बाजारात गेले, शेंदूर आनि त्याल आनलं, आनि दगडाच्या वरच्या टोकाला टिळा लावला. मी इचारलं, "देव करताय व्हय मामा?"

"देव न्हवं. राखनदार ठेवतोय. पाऊस सरंस्तवर."

पाऊस सरल्यावर सायबांस्नी घिऊन गेलो. बघतो तर वर बांबूचा मांडव, घंटा, कोंबड्याची पिसं, आनि दगडावर बोटभर जाड शेंदूर. घोडा न्हाय, गडी न्हाय, नुसता लालभडक गोळा. म्हातारा गुरव कवतिकानं सांगायला लागला, "समदं बांध फुटलं, एवढाच टिकला. जागृत हाय. टोपीवाला देव म्हंत्यात. एक टोपीवाला बाबा आला, शेंदूर लावला आनि गुप्त झाला."

मामांनी टोपी काढून पाठीमागं धरली. माझ्या पोटाला ती टोचत हुती आनि मला हसू आवरंना. मी कानात म्हनलं, "सांगा की, त्यो बाबा तुमीच." मामा म्हनले, "गप बसा."

शेंदूर खरवडू का, असं मामांनी गुरवाला इचारलं. गुरव म्हनला, देवालाच इचारू. त्यानं दगडाच्या दोन बाजूंस्नी दोन वल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय. पर त्या त्यालकट शेंदरात पाकळ्या बसल्या त्या बसल्याच. मांडवामागं रस्सा शिजत हुता. मामा डोळं मिटून उजवी मागत हुते, सायेब घड्याळ बघत हुते, आनि मी देवाला म्हनत हुतो, कुटली बी पाड, पर जेवाय वाढ.

डावी पडली.

सगळ्यात आधी हात जोडले ते मामांनी. सायेब भला मानूस, परसाद खाल्ला, "पुढं कधीतरी बघू" म्हनले. पर त्यांचं पुढं कधी आलं न्हाय.

परत येताना मी लई चिडलोतो. "एक शबूद बोलला असता तर घोडा दिसला असता की." मामा खिडकीतनं डोंगर बघत म्हनले, "बोललो असतो तर देव गेला असता. देव गेला की दगूड बांधात. र्‍हाऊ दे. झाकून का हुईना, उभा हाय." आनि टोपी मांडीवर धरून बसले, ती घर येस्तवर डोक्यावर घातली न्हाय.

आता मामा न्हाईत. चंदगड आमच्या जिल्ह्यात आलं. मामा असते तर म्हनले असते, डोंगूर काय हलला न्हाय. मी अधनंमधनं नारळ घिऊन जातो. नवीन गुरव इचारतो, "पावणं कुटलं?" मी म्हंतो, देवाचा भाचेजावाई. त्यो हसतो, मी बी हसतो. त्यो नारळ फोडाय वळला की मी शेंदरावरनं हळूच बोट फिरवतो. वरच्या अंगाला घोड्याचा कान अजून लागतो. मग मी दगडाला राम राम घालतो, आनि मगच मानसांकडं बघतो.