खिळ्यासकट काढलेला फोटो

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवासच्या चौकात कचोरी खात होतो... ती अर्धी टाकून मी उठलो. मी कचोरी टाकलेली साऱ्या देवासनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

वसंताच्या घरी वहिनी म्हणाल्या, "भावजी, हार घालायला ह्यांचा फोटोच नाही हो." खरंच नव्हता. निम्म्या माळव्याची लग्नं टिपणारा हा माणूस कायम कॅमेऱ्यामागे.

पुढे लग्नं सोडून तो धार जिल्ह्यात, डहीजवळच्या एका वस्तीत बायकांना कॅमेरे वाटायला लागला. तिथली शाळा बंद होणार होती. सरकारी कागद म्हणत होता, मुलं येतच नाहीत. वसंता म्हणे, "खरं काय ते त्याच दाखवतील. माझ्या फोटोला कोण विचारतो?"

पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या मराठी-हिंदीत फर्मावलं, "कल सब अपने घर के फोटो काढ के लाना." त्या मुलखात फोटो खींचते हैं, काढते हैं तो भिंतीवरून. दुसऱ्या दिवशी वीसेक बाया, म्हणजे माझ्या हिशेबानं दोनशे, घरच्या तसबिरी खिळ्यासकट घेऊन हजर. सासरे, दीर, वाळके हार. एका काचेमागे तर जिवंत पाल. त्याच्यासोबत गेलेला मी हसता हसता खाटेवरून पडलो. वसंता हसला नाही. त्यानं सगळ्या तसबिरी ओळीनं मांडल्या. "इसमें तुम किधर हो?"

त्यांतली रेशमबाई म्हणाली, "हम तो भिया, रोटी बना रहे थे."

"तो अब तुम खींचो."

रेशमबाईनं बारा दिवस, रोज शाळेच्या वेळेला, एकच फोटो घेतला. दाराला कुलूप, पायरीवर पाट्या घेऊन बसलेली मुलं. गुरुजी एकाही फोटोत नाहीत. बायांनी ते बाराही फोटो डहीच्या हाटात दोरीवर टांगले. तो कागद लिहिणाऱ्या साहेबाला कांदे घ्यायला त्यांच्याखालून वाकून जावं लागलं. तो भोपाळपर्यंत वाकलेलाच गेला, असं मी सांगतो. वसंता म्हणायचा, "फक्त बसस्टँडपर्यंत रे." पण कुलूप निघालं, आणि शाळा आजही भरते.

रेशमबाईनं एकदा वसंतालाही टिपलं होतं. तो फोटो शाळेत लावलाय, हे मला आठवलं. तिला फोन केला. रडू आवरत, सवयीनं वसंताचंच हिंदी बोलून गेलो, "उसकी फोटो काढ के भेज दो."

तीन बस बदलून ती दारात उभी. काखेत तसबीर, मुठीत खिळा. "आपने बोला ना, काढ के."

फोटोत वसंताचं तोंड उघडं आहे. 'हाथ मत हिलाओ' म्हणताना त्याचाच हात हललाय.

आता महिना झाला. शाळेची भिंत रिकामी आहे, तसबीर परत न्यायचीय. वहिनी रोज म्हणतात, "उद्या न्या." मीही हो म्हणतो... खिळा माझ्या खिशात आहे.