मान हलवणारा हमाल

ऐंशीच्या सुमारास मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. हलते मणके पडद्यावर दाखवणारं यंत्र तेव्हा नवंच आलं होतं. पुलगावहून एक हमाल आला. सरकीची पोती वाहून त्याच्या हातांना मुंग्या येत होत्या.

"काका, मी सांगेन तेव्हाच मान वाकवा. एरवी हलवायची नाही. समजलं?"

त्यानं जोरात मान हलवली.

पाच वेळा असंच झालं. मी वैतागून ओरडलो, "अहो, सारखी मान काऊन हलवता?"

"साहेबानं विचारलं का मान हलवून हो म्हणाचं जी. मुकादमाले तोंडानं बोललेलं चालत नाई," म्हणत त्यानं पुन्हा मान हलवली.

"दिसलं!" पडद्यासमोरचे डॉक्टर म्हणाले. मी सांगितल्यावर तो दुखण्याच्या भीतीनं मान आखडून घ्यायचा. सवयीनं हलवली तेव्हा एक मणका पुढे सरकलेला दिसला.

डॉक्टरांनी मानेला पट्टा बांधला आणि ओझं वाहणं बंद केलं.

"मुकादमाले नाई कसं म्हणू?" त्यानं घाबरून मला विचारलं.

"म्हणा, 'नाही जमत.'"

त्यानं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नाई जमत... जी."

मी कपाळाला हात लावला.

"पुन्हा म्हणा," मी म्हणालो, "जी न लावता."