तबकडीवरचा दोन

आमच्या यजमानांचं नाशकात मेन रोडला फोनो आणि तबकड्यांचं दुकान होतं, आणि मागच्या खोलीत आमचा संसार. बोलपट नुकते सुरू झाले होते, त्यांतल्या गाण्यांना मागणी फार. तबकड्या पुसून कागदी पाकिटात घालायचं काम माझ्याकडे. पुसता पुसता मला एक नाद लागला. गाणं संपतं तिथपासून लेबलापर्यंत तबकडीवर एक गुळगुळीत पट्टा असतो. तिकडे सहसा कोणी बघत नाही. पण तबकडी उजेडात तिरपी धरली की तिथे बारीक आकडे कोरलेले दिसतात. कंपनीचा साहेब एकच गाणं दोन-तीनदा गायला लावायचा आणि पसंत पडेल ती खेप छापायचा. आमच्याकडे यायच्या त्या तबकड्यांवर शेवटचा आकडा खेपेचा असे. एक म्हणजे पहिली खेप, दोन म्हणजे दुसरी. लेबलावरून काही कळायचं नाही. इंग्रजी आकडे यजमानांनी शिकवले, पण नजर माझी. गिऱ्हाइकं "वहिनींना विचारा" म्हणायची आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

शेजारच्या गल्लीत एक चाचा राहायचे. नावाजलेले सारंगिये, पण अंगावरून वारं गेल्यापासून उजवा हात लुळा पडला होता. सारंगीचा गज धरणं संपलं. त्यांच्याकडे फोनो नव्हता, तबकडी मात्र एक होती. दर शुक्रवारी नमाज झाली की ती रुमालात गुंडाळून दुकानात आणायचे आणि यजमान ती लावायचे. गाणाऱ्या बाईंचा आवाज खणखणीत, आणि सारंगी कुठेतरी मागे, माठात शिरलेल्या डासासारखी. अंतऱ्याच्या आधी चाचा डावं बोट वर करायचे. "ऐक बेटी, इथे मी येतो."

त्यांची हकिगत सगळ्या मेन रोडला पाठ होती. मुंबईला तबकडी भरायला गेले तेव्हा अंगात ताप होता. पहिल्या खेपेला ते वाजवायला बसले. दुसऱ्या खेपेला साहेबाने त्यांना उठवून दुसऱ्याच कुणाला बसवलं. "पण छापली पहिलीच," चाचा सांगायचे. "साहेबाच्या माणसानेच सांगितलं मला."

मी त्या तबकडीचा आकडा कधी बघितला नव्हता, असं लिहायला मला आवडलं असतं. पण बघितला होता, पहिल्याच शुक्रवारी. दोन होता. मी गप्प बसले. न बोलण्यात कोणाचं काय जात होतं? उलट आपण किती समजूतदार, असंच मला वाटलं.

मग एका शुक्रवारी येवल्याचे एक विणकर सुनेला घेऊन नाशकात आले होते, ते आमच्या दुकानापुढून चालले असताना ती तबकडी वाजत होती. ते पायरीशीच थांबले. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग सुनेला म्हणाले, "ही सारंगी माझी हाय. सांगत नव्हतो का तुला?"

चाचा ताडकन उठले. "झूट!"

"झूट कशापायी बोलू? पयल्या खेपेला एक आजारी मानूस व्हता. त्याला उठवलं, मग मला बसवलं. त्यानंतर घरचा माग धरला आन सारंगी सुटली ती सुटलीच."

म्हणजे हकिगत दोघांची एकच होती, वाद फक्त छापली कुठली खेप एवढाच. कान लावून काही ठरेना. त्या डासाला दोघेही आपलाच म्हणत होते. दुकानापुढे माणसं जमली. यजमान म्हणाले, "भांडता कशाला? आकडा आहे की. हिला बघू द्या." दोघांनीही मान डोलावली. विणकरांनी तबकडी उचलून दिली. तिच्या काठाला नखाएवढा टवका उडालेला होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि फार जपून ती माझ्या हातात ठेवली.

पंचाच्या जागी बसवलं की माणसाला आपण खरोखरच परमेश्वर वाटायला लागतो. मी तबकडी तिरपी धरली. दोन. समोर चाचा, मांडीवर तो लुळा हात. त्यांच्या वाजवण्यातलं या जगात तेवढंच उरलं होतं असं त्यांना वाटत होतं. विणकरांकडे मी बघितलंच नाही. चाचा आमचे, ते परके.

"एक," मी म्हणाले.

चाचा लहान मुलासारखे रडले. गर्दीतला एकजण म्हणाला, "येवल्याहून थापा विणून आणल्या वाटतं!" आणि लोक हसले. सून खाली मान घालून पायरी उतरली.

विणकर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "बाई, परत एकदा बघा," एवढंच म्हणाले.

"बघितलं," मी म्हणाले. बघितलं होतंच.

"मग दोनची कुठं गावली तर माझ्यासाठी ठेवा. घरी दाखवायला."

तिथून पुढे नाशकाला आले की ते रस्त्यावरूनच विचारायचे, "गावली का हो दोनची?" मी नाही म्हणायची. एकदा तर ती तबकडी तेव्हा फोनोवर फिरत होती. पुढे पुढे त्यांचं पागोटं दिसलं की मी आत जायची आणि यजमानांना बाहेर पाठवायची. आपल्याच दुकानात चोरासारखी लपायची मी! चाचा मात्र सुखात होते. त्यांचा आनंद बघून मी स्वतःला समजवायची, आणि येवल्याची मोटार दारावरून गेली की ती समजूत पार विस्कटायची.

चाचा गेले. त्यांच्या बेगमने तबकडी मला आणून दिली. "तूच त्यांची लाज राखलीस," म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मी ती रुमालात गुंडाळली. सर्व्हिस मोटारीने मी एकटीच येवल्याला गेले.

विणकर मागावर बसले होते. "गावली," मी म्हणाले आणि तबकडी पुढे केली. त्यांच्यापुढे मला एवढंच खोटं सुचलं. त्यांनी ती घेतली, काठावरून अंगठा फिरवला आणि टवक्याशी थांबले.

"हीच व्हती ना तवा?"

मी हो म्हणाले.

त्यांनी तबकडी मांडीवर ठेवली. मग विचारलं, "त्यांना ठावं व्हतं?"

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"ते बरं झालं," ते म्हणाले, आणि मला वाटलं, सुटले. मी उठायला लागले.

"बसा बाई. लय वर्सं झाली, या घरात मी काय बी सांगाया लागलो की पोरं म्हनत्यात, आज्याची सारंगी सुरू झाली." त्यांनी आत हाक मारली. पदराला हात पुसत सून आली. तिने मला लगेच ओळखलं, आणि तिची मान त्या दिवशीसारखीच खाली गेली. त्यांनी तबकडी माझ्या हातात परत दिली.

"हिला वाचून दाखवा."

मी दाराशी उजेडात गेले, तबकडी तिरपी धरली आणि तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन."