शंकरपटाची अँबॅसॅडर

माझ्या मोबाइलवर कुठल्याशा परदेशातली शर्यत चालू होती. दोन जुन्या मोटारी शेजारी शेजारी उभ्या, समोर सरळ रस्ता. हिरवा दिवा लागला की दोन्ही सुटायच्या आणि आपण नीट बघेपर्यंत शर्यत संपायची. वळण नाही, घाट नाही, जी आधी पोचली ती जिंकली. मामानं चष्मा पुसून पुसून ती पुन्हा पुन्हा पाहिली आणि शेवटी मांडीवर थाप मारली.

"अबे मास्तर, हा तं शंकरपट आहे!"

मी बुलढाण्याला विज्ञान शिकवतो. सुट्टी मिळाली की बस पकडून मामाकडं, सुलतानपूरला जातो. मामाचं बोलणं खोडून काढायची मला जुनी खोड आहे, पण इथं खोडायला काही सापडेना. शंकरपटात तरी दुसरं काय असतं? बैलांची जोडी, हलका छकडा, सरळ पट्टी आणि घड्याळ.

आणि हे सांगणारा माणूस काही ऐरागैरा नव्हता. मामा आमच्या भागातला नावाजलेला धुरकरी होता. छकड्यावर उभा राहून जोडी पळवायची तर त्यानंच, असं लोक म्हणायचे. मग एकदा सरावात जोडी थांबलीच नाही. पट्टी संपली, पुढचा नाला आला, छकडा उलटला आणि मामाचं कमरेचं हाड मोडलं. कोणाच्या तरी लग्नाचे फटाके वाजले अन् जोडी बुजली, असं तो सांगायचा. हाड जुळलं, पण छकड्यावर उभं राहणं संपलं. जोडी विकली. गावात पट भरला की मामा घरात बसून टीव्हीचा आवाज वाढवायचा. बाहेरच्या लाउडस्पीकरवर जोड्यांचा पुकारा चालायचा आणि हा पडद्यावर कीर्तन लावून बसायचा. मला ते बघवायचं नाही.

त्या दिवशी मोबाइल परत देताना तो हळूच म्हणाला, "उभं राह्यता येत नाई मले. बसता तं येते ना?"

एवढ्या एका वाक्यावर आमची गाडी सुरू झाली.

पैसा कोणाकडंच नव्हता, हौस मात्र उतू जात होती. मामाचा पटातला जुना दोस्त खामगावात गाड्यांचा मिस्त्री आहे. त्याच्या घराजवळ कापसाची एक बंद पडलेली जिनिंग आहे आणि तिथं ताडपत्रीखाली एक अँबॅसॅडर कित्येक वर्षं उभी होती. "आवारातली काटेरी झुडपं साफ करून द्या अन् गाडी घेऊन जा," असं मालकीणबाई म्हणाल्या. आम्ही झुडपं तोडली. माझ्या हाताला आलेले फोड बघून मिस्त्री म्हणाला, "मास्तर, खडू धरायचा हात हाय तुमचा, जरा जपून." भाजी उतरवून रिकामा परतणाऱ्या ट्रकमध्ये गाडी चढवली आणि ती मामाच्या गोठ्यात, जिथं जोडी बांधलेली असायची तिथंच, आणून उभी केली. चौथा गडी गावातला वेल्डर. पटाचे हलके छकडे त्यानंच बनवले होते, त्यामुळं वजन कमी करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

सगळं जमलं होतं. घोडं पेंड खात होतं ते मामीपाशी. हाड मोडल्यापासून मामा तिच्या 'हो'शिवाय मोटारसायकललाही हात लावत नसे. मामी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

"आधी मले दाखवा काय करून राह्यले ते," ती म्हणाली. "मंग पाहू."

दाखवायचं कसं? कागदावर काढलेलं मामीला पटणार नाही आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या कोणालाच नीट काढता येत नव्हतं. मामानं तोड काढली. पटाच्या पट्टीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारतात, तशी त्यानं खळ्यावर फक्कीनं गाडी आखली, लांबीरुंदीला अगदी खऱ्याएवढी. चाकं कुठं, इंजिन कुठं, धुरकऱ्याची जागा कुठं, सगळं त्यात आलं. मग आम्ही चौघं त्या रेघांच्या आत जाऊन बसलो. इंजिनाच्या जागी मिस्त्री बसला, कारण एका मोडीत निघालेल्या गाडीचं इंजिन तोच आणणार होता. मागच्या चाकांपाशी वेल्डर बसला. मधे मामा, हातात सुपाएवढं हवेतलं स्टिअरिंग घेऊन. मला डिकीत बसवलं होतं. नंतर डिकीच काढून टाकायची असं ठरलं, तेव्हा मला उठून बाहेर जावं लागलं.

हसायला येतं, पण ती पद्धत मला अजून आवडते. मामा म्हणायचा, "ह्या सीटचं काय काम?" की वेल्डर पायानं तेवढी फक्की पुसायचा. दारं पुसली. मागची सीट पुसली. "मागचे ब्रेक लय जड हायत बे," मिस्त्री म्हणाला, तेही पुसले. मग पुढचे तरी कशाला, म्हणून तेही गेले. मी विज्ञानाचा मास्तर तिथंच उभा होतो, गाडी किती हलकी झाली याचं कौतुक करत.

मामी चहा घेऊन आली. गाडीच्या आत पाऊल न टाकता ती बॉनेटच्या समोर उभी राहिली आणि पूर्ण आखणी तिनं नीट बघितली.

"सुटन मस्त," ती म्हणाली. "थांबन कुठं?"

मामा हसून म्हणाला, "अवं, पटात कुठं ब्रेक राह्यते? पट्टी सरली का जोडी आपोआप थांबते."

मामीनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"आपोआप?" ती म्हणाली. "मी उभी राहो तिथं. ढेपीचं घमेलं घेऊन. जोडी तुमच्यासाठी नाई थांबे, घमेल्यासाठी थांबे."

हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं होतं. सराव असो की पट, मामी पट्टीच्या टोकाला, डोक्यावर पदर, कमरेवर भिजवलेल्या सरकीच्या ढेपीचं घमेलं घेऊन उभी असायची. बैलांवर हिचा जीव आहे, असं लोक म्हणायचे. थोडे हसायचेही. तीच छकड्याचा ब्रेक आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अन् त्या दिवशी?" मिस्त्रीनं विचारलं.

"त्या दिवशी मी माहेरी होते. भावाच्या घरी बारसं होतं." ती मामाकडं बघत होती. "फटाके-बिटाके काई नोयते. जोडी मले शोधत शोधत पुढं गेली."

मामा फक्कीच्या गाडीत बसून राहिला. मामा आजवर फटाक्यांचंच का सांगत आला, ते मला तेव्हा समजलं. बायको माहेरी गेली म्हणून आपण पडलो, असं तिच्या मनात कधी येऊ नये, यासाठी त्यानं ते फटाके वाजवले होते. आणि तिला सुरुवातीपासून सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं एका घरात राहून दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं, एका शब्दानंही बोलून न दाखवता. मी डोळे पुसले आणि चहा गरम आहे असं म्हणालो.

मग मामीनं स्वतःच फक्कीचा डबा उचलला आणि चारही चाकांपाशी ब्रेक आखले. "आधी हे बनवा," ती म्हणाली. "थांबली गाडी, का मंग इंजिन लावा. उलटं कराल तं गोठ्यातून बाहेर नाई निघू द्यायची मी."

म्हणजे आमची योजना शेवटाकडून सुरू झाली. जगात कोणी शर्यतीची गाडी अशी बनवली असेल असं मला वाटत नाही. इंजिन नसलेली अँबॅसॅडर आम्ही गावाबाहेरच्या उतारावर दोर बांधून नेत असू, सोडत असू आणि मामा ब्रेक दाबत असे. मामी खाली, बाजूला उभी. गाडी तिनं मारलेल्या रेघेच्या पुढं गेली की ती नुसती मान हलवायची आणि मिस्त्री मुकाट्यानं चाकं खोलायचा. हा खामगावचा तोंडाळ माणूस, गिऱ्हाइकाला उभं करत नाही, पण मामीपुढं चकार शब्द काढत नव्हता. ज्या दिवशी गाडी रेघेच्या अलीकडं थांबली आणि पुन्हा पुन्हा सोडूनही थांबत राहिली, त्या दिवशी मामी म्हणाली, "आणा आता तुमचं इंजिन."

नवा रस्ता झाला तेव्हा जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा मामाच्या शेताला लागून तसाच उरला. आता तिथून कोणी जात नाही. मामाचा छकडा उलटला त्याच नाल्यापाशी तो संपतो. धावायचं तिथंच, असं मामानं ठरवलं आणि मामीनं हरकत घेतली नाही. सकाळी ऊन वर यायच्या आत आम्ही गाडी तिथं नेली. दारं नाहीत, डिकी नाही, पुढचा गोल चेहरा तेवढा शाबूत. मामानं डोक्याला हेल्मेट घातलं, छातीवर पट्टा बांधला, आणि खाली वाकून मातीला हात लावून कपाळाला लावला, पूर्वी छकड्यावर चढताना लावायचा तसाच.

मी रुमाल खाली टाकला. गाडी सुटली. आवाज एवढा झाला की शेतातले बगळे उठले. पण मी गाडीकडं बघत नव्हतो, रस्त्याच्या टोकाकडं बघत होतो. तिथं, नाल्याच्या अलीकडं, कडेला मामी उभी होती. डोक्यावर पदर, कमरेवर घमेलं.

गाडी मंद झाली, आणखी मंद झाली आणि मामीनं मारलेल्या रेघेच्या अलीकडं थांबली. आम्ही तिघंही धावत सुटलो. पोचलो तेव्हा मामा हेल्मेट काढून नुसता बसला होता. घमेल्यात मी डोकावलो. ढेप होती, भिजवलेली. त्या घरात आता एकही बैल नाही. तिनं ती मुद्दाम मागवून रात्रीच भिजत घातली होती.

मामीनं घमेलं बॉनेटवर ठेवलं आणि मामाकडं बघून म्हणाली, "किती दिवस लावले यायले!"