गोदावरीत सोडलेला पासपोर्ट

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्यात पासपोर्टच्या कचेरीची पायरी घालायची राहून गेली.

गेवराईत आमचं कापडाचं दुकान. कंप्युटर शिकलेली पोरं तेव्हा नुकतीच परदेशी निघाली होती; माझी धाकटी बहीणही नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली आणि तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. तिला येणं जमेना, म्हणून आईनंच तिकडं जायचं ठरलं.

आईचा व्हिसा आदल्या वर्षीच काढून ठेवलेला होता, पण पासपोर्टची मुदत संपत आली. झालं, नवा काढा. दुकान बंद ठेवून हेलपाटे घातले, जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुठं तो मिळाला. जुनाही परत दिला, कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून. एजंट म्हणाला, "व्हिसा जुन्यातच हाय. दोन्ही संगं न्या." मी दोन्ही आईच्या हातात दिले, "संगं न्यायचे" एवढंच म्हणालो आणि आडवा झालो.

तिनं डिंकाचे लाडू वळले. बाळंतविडा बांधला. जायच्या आठवड्यात बॅग भरताना मी जुना पासपोर्ट मागितला.

"त्यो व्हय? सोडला गंगेला," ती म्हणाली. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. तडकलेली मूर्ती, फुटक्या काचेचा देवाचा फोटो घरात ठेवत नाहीत, तिथं नेऊन सोडतात.

"कावून?"

"कोपरा कापलेला, वर रद्दचा शिक्का, अन् आत माझा फोटू. आसलं खंडित घिऊन बाळंतिणीच्या घरी जाऊ?"

"अगं, व्हिसा त्यात होता."

"नव्यात उतरवला आसंल की. रेशनकार्ड नवं दिलं तवा समदी नावं उतरवली व्हती."

माझ्यात तिच्यावर ओरडायचंही त्राण नव्हतं. मुंबईला अमेरिकेच्या व्हिसा कचेरीत गेलो, तिथं म्हणाले, व्हिसा पहिल्यापासून काढा. मुलाखतीची मिळालेली तारीख बाळंतपणाच्या पुढची होती. आईनं बांधलेला बाळंतविडा सोडला आणि पुन्हा होता तसा बांधून ठेवला. मला तिची लई कीव आली. रागही आला.

मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही बूथवरून फोन लावला. बहीण रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाळाला न्हाऊ घालायची भीती वाटतीय रे. आई कावून आली न्हाई?" मी म्हणालो, "व्हिसा अडकला." ती त्या कचेरीला शिव्या देऊ लागली. मला वाटलं, बरंय, तेवढ्यावर भागलं.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "त्यांचं काय चुकलं न्हाई बाई. मीच सोडला नदीला. तुला काही वंगाळ व्हऊ नये म्हणून."

मीही फोनला कान लावला. मीटर पळत होतं. मग बहिणीचा आवाज आला, "लाडू केलते का?"

"केलते."

"डिंकाचे?"

"व्हय."

"मग ते तरी नदीला सोडू नको. मी येईपर्यंत ठिव."

आई हसली नाही. फोन माझ्याकडं देत म्हणाली, "तेवढे दिवस टिकत न्हाईत रे लाडू," आणि बूथमधल्या स्टुलावर बसून राहिली.